मीटरची नळी

पाठशाळेत सातव्या व्रताचे अतिचार म्हणताना 'साडीकम्मे' हा शब्द आला की आम्ही मुली एकमेकींकडे बघून हसायचो. साड्यांचं आणि पापाचं नातं काय, असं वाटायचं. निम्म्या जणींचे मामा-काका कापडाचे व्यापारी. मग गुरुणींनी समजावलं की साडी म्हणजे शकट, गाडी. पंधरा कर्मादानांतलं तिसरं गाड्या घडवण्या-चालवण्याचं, आणि त्याला लागूनच चौथं भाडीकम्मे, वाहन भाड्यानं लावून कमाई करण्याचं. श्रावकानं हे धंदे टाळावेत. माझं लग्न झालं ते बुऱ्हाणपुरात, बुधवाऱ्यातल्या अशा घरात, जिथं गल्लीच्या तोंडाशी ट्रक उभा असायचा. तिसरं आणि चौथं, दोन्ही एकदम पदरी पडलं.

सासरे म्हणायचे, आपण गाडी ठेवली ती केळीनं ठेवायला लावली. खोटं नव्हतं ते. तापीच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा, इकडे बुऱ्हाणपूर, तिकडे रावेर. आणि केळ काही गोदामात भाव येईपर्यंत थांबत नाही. घड उतरला की त्याला दिल्ली गाठायचीच असते. ज्याच्याकडे गाडी त्याच्याकडे भाडं. ट्रक टाटाचा, जुन्या ठेवणीचा, पुढे नाक असलेला. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार १९६९ मध्ये संपला, पण त्या वळणाची इंजिनं पुढेही बरीच वर्षं रस्त्यावर धावत राहिली. आमचं त्यांपैकीच एक. ट्रक चालवायचे चाचा, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. आणि ट्रकची वही माझ्याकडे होती, कारण सासऱ्यांची नजर अधू झाली होती, आमचे हे कपाशीच्या सौद्यांत, आणि धाकटे दीर म्हणजे वसुलीला पुढे, लिहायला मागे.

वहीत डिझेल, टोल, खुराकी, पंक्चर, हमाली असं सगळं लिहायचं. त्यातच एक रकाना ऑईलचा. जुनं इंजिन थोडं तेल खातंच. दिल्लीची जाऊन-येऊन फेरी झाली की दोनेक लिटर वर भरावं लागायचं. त्या वर्षी पावसाळ्यात हा आकडा चढत गेला. साडेतीन, मग साडेपाच, मग सहा आणि पुन्हा सहा.

दिरांनी आकडे पाहिले आणि एका वाक्यात निकाल दिला, "भाभी, तेल विकलं जातंय." वाटेतल्या ढाब्यांवर डिझेल आणि ऑईल विकणारे ड्रायव्हर असतात, हे ट्रकवाल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे; त्यामुळे त्यांचा संशय अगदीच आभाळातून पडलेला नव्हता. शिवाय ट्रक रात्रभर उभा राहिला तरी खाली तेलाचं थारोळं दिसत नव्हतं. गळत नाही आणि धूरही निळा नाही, म्हणजे जळतही नाही. मग जातं कुठे? पर्युषण चार दिवसांवर आलं होतं. दिरांनी ठरवलं की पर्युषणाआधी चाचांचा हिशेब करून मोकळं व्हायचं, आणि तोवर त्यांच्या खुराकीतले सहाशे चाळीस रुपये अडकवून ठेवायचे.

आपल्याकडे दुसऱ्या व्रताच्या अतिचारांत पहिलाच शब्द येतो, सहसब्भक्खाणे. विचार न करता कुणावर आळ घालणं. अठरा पापस्थानांतही तेरावं अभ्याख्यान तेच. आपण हे शब्द चौमासी पाखीला, संवत्सरीला इतक्या वेगानं म्हणतो की गाडी स्टेशनावर न थांबता निघून जावी. मी दिरांना एवढंच म्हटलं, "भाऊजी, चार दिवस आहेत. आधी गाडी बघू या, मग माणूस बघू." ते म्हणाले, गाडीत बघायचं काय, तुम्हाला काय कळतं त्यातलं. कळत नव्हतं, खरंच. पण वही कळत होती.

त्या रात्री मी वही मागे मागे चाळत गेले. तेलाचा आकडा पहिल्यांदा कुठे चढला ती फेरी सापडली, आणि तिच्या अगदी आधीच्या फेरीत चाचांनी दिलेल्या चिठ्ठीवरून मीच उतरवलेली एक ओळ होती: 'मीटर नळी रिपेर, १२० रु.' वाटेतल्या कुठल्याशा गॅरेजातलं काम. सकाळी चाचांना विचारलं. ते म्हणाले, "हां बहूजी, घाटात रात्री ऑईल मीटरचा पाईप तुटला होता. तिथंच बदलून घेतला." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. आपल्याबद्दल घरात काय बोललं जातंय ते त्यांना कळलेलं होतं.

आता ही मीटरची नळी म्हणजे काय, ते सांगते, कारण मलाही तोवर माहीत नव्हतं. हल्लीच्या गाड्यांत तेलाच्या दाबाची खबर विजेच्या तारेनं येते. जुन्या ट्रकात प्रत्यक्ष तेलच वर चढून सांगायला येतं. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये जिथून तेल सगळ्या बेअरिंगांना जातं, त्या मुख्य वाटेला एक भोक असतं. त्यात निपल बसवलेला, निपलला बोरूपेक्षाही बारीक तांब्याची नळी, आणि ती नळी थेट ड्रायव्हरच्या समोरच्या मीटरपर्यंत. मीटरच्या पोटात एक चपटी, वाकवलेली पितळी नळी असते. दाब आला की ती थोडी उलगडते आणि काट्याला ढकलते. जत्रेत मुलं फुंकतात ती गुंडाळी केलेली कागदी पिपाणी आठवा, तीच युक्ती. ही शोधली यूजीन बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसानं, १८४९ साली, वाफेच्या इंजिनांसाठी. दीडशे वर्षं झाली तरी तिच्यात फारसा बदल करावा लागलेला नाही, हे मला फार आवडतं.

म्हणजे इंजिन चालू असताना या नळीत तेल नुसतं भरलेलं नसतं, दाबाखाली असतं. आणि इंजिन बंद झालं की दाब शून्य. हे मिस्त्रींनी सांगितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रात्री ट्रक उभा असताना खाली तेल नसणार, कारण ही गळती उभ्या गाडीत गळतच नाही! ती धावत्या गाडीत गळते, आणि धावत्या गाडीखाली वाकून कोण बघतं?

लालबागच्या रस्त्यावर या मिस्त्रींचं गॅरेज होतं. माणूस मूळचा यावलकडचा, बोलणं खानदेशी वळणाचं, मला "वहिनी" म्हणायचे. चाचांनी ट्रक तिथं नेला, मी रिक्षानं गेले, सोबत सासूबाई. सासूबाई आल्या त्या मला एकटीला गॅरेजात सोडायचं नाही म्हणून, पण त्यांचं स्वतःचंही एक कारण होतं. दोन दिवसांपूर्वी ट्रक दिल्लीहून येऊन उभा राहिला तेव्हा चेसिसच्या आडव्या पट्टीवरून चार-पाच थेंब ठिपकले होते, आणि सकाळी त्यात मुंग्या अडकलेल्या त्यांनी पाहिल्या. पूंजणी घेऊन त्या बसल्या, पण तेलात रुतलेली मुंगी पूंजणीनं सुटत नाही. दिरांच्या लेखी चार थेंब म्हणजे काहीच नव्हतं. सासूबाईंच्या लेखी तो सगळ्यात मोठा आकडा होता.

मिस्त्रींनी केबिनमधलं इंजिनाचं झाकण काढलं. एका बाजूचा ब्लॉक, खालचं क्लचचं घर, चेसिस, सगळं काळ्या चिकट धुळीनं लिंपलेलं. ते म्हणाले, जुन्या इंजिनाला घाम येतोच वहिनी. मी म्हटलं, घाम कुठून येतो ते बघू. त्यांनी मान डोलावली आणि एक गोष्ट सांगितली जी मी पुढे स्वयंपाकघरातल्या नळापासून गच्चीच्या छतापर्यंत वापरली: थेंब जिथं पडतो तिथं गळत नसतं. तेल वाट मिळेल तसं खाली उतरतं, वाऱ्यानं मागे जातं, आणि शेवटी कुठल्यातरी कोपऱ्यावरून ठिपकतं. म्हणून ओल्या जागांतली सगळ्यात वरची जागा शोधायची.

रॉकेलच्या बोळ्यानं तो भाग पुसून कोरडा केला. मी घरून पावडरचा डबा नेला होता, मुलीचा, तो मिस्त्रींनी त्या भागावर भुरभुरला. सगळं इंजिन लग्नातल्या हळदीच्या आधीच्या नवरीसारखं पांढरंफटक झालं. मग इंजिन चालू केलं. पाच मिनिटं काही नाही. तेल तापलं, आणि निपलच्या गळ्याशी पावडरीवर एक करडी रेघ उमटली. ती वाढली, खाली वळली, आणि रेघेच्या टोकाला थेंब आला. चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढून हात पुसले, हाताला काही लागलेलं नसताना.

सापडलं म्हणून दिरांचं समाधान होईल, असं मला वाटेना. ते म्हणणार, एवढ्याशा थेंबानं चार लिटर कसे जातील? म्हणून मी मिस्त्रींना इंजिन लगेच बंद करू दिलं नाही. गोधडीचा दोरा निपलच्या गळ्याला बांधला, त्याचं टोक खाली सोडलं, आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण त्याखाली धरलं. दोऱ्यावरून तेल शहाण्यासारखं झाकणात उतरू लागलं. दहा मिलिलिटरची खूण भरायला आठ मिनिटं लागली. तासाला पंचाहत्तर मिलिलिटर. चाचांना विचारलं, दिल्लीच्या फेरीत इंजिन किती तास चालतं? जाऊन-येऊन पन्नासेक. पन्नास गुणिले पंचाहत्तर, पावणेचार लिटर. वहीत दोनाचे सहा झाले होते, वाढलेले चार. आणि हे माप इंजिन उभ्या जागी मंद फिरत असतानाचं. रस्त्यावर दाब याहून जास्त, म्हणजे गळती याहून कमी नसणार.

मी तिथंच वहीच्या मागच्या पानावर हा हिशेब लिहिला आणि खाली तारीख घातली. चोरीचा आळ होता तो लिटरांत होता, तेव्हा उत्तरही लिटरांतच द्यायला हवं होतं.

मी मिस्त्रींना विचारलं की मीटरच्या काट्यानं हे सांगितलं कसं नाही. ते म्हणाले, एवढ्या गळतीनं दाब पडत नाही, पंप ती सहज भरून काढतो. काटा खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलेल्या प्रश्नाचंच तो उत्तर देत होता. पण हा निपल एखाद्या रात्री असीरगडच्या घाटात सुटून आला असता, तर सगळं तेल काही मिनिटांत रस्त्यावर, आणि बेअरिंगं कोरडी. इंजिन बसलं असतं ते वेगळंच, तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपावर तेल उडालं असतं तर आगही. चाचा त्या घाटातून तीन महिने येत-जात होते.

निपल काढला तेव्हा आत धागा आणि सफेद्याचा लगदा निघाला. नळाला गुंडाळतात तसा. मिस्त्री चिडले. आट्यांचा गेज लावून दाखवला: ब्लॉकमधल्या भोकाचे आटे मिलिमीटरच्या हिशेबाचे, दर मिलिमीटरला एक. निपलचे आटे इंचाच्या हिशेबाचे, इंचाला अठ्ठावीस. जाडी जवळजवळ सारखी, त्यामुळे हातानं फिरवला की जातो, बसल्यासारखाही वाटतो. पण आट्यात आटा नीट मिळत नाही, निपल किंचित तिरका राहतो, आणि त्याच्या खांद्याखालचा तांब्याचा वायसर एका बाजूनं दबतो, दुसऱ्या बाजूनं नाही. ती फट त्या रात्री धागा-सफेद्यानं बुजवली होती. गरमी आणि हादऱ्यांनी तो लगदा हळूहळू भुगा होत गेला, म्हणून आकडा एकदम न चढता फेरी-फेरीनं चढला. आंधळ्या रात्री घाटात गाडी चालती करणाऱ्याला मी फार दोष देत नाही. पण सकाळी उजेडात कुणीतरी ते पुन्हा बघायला हवं होतं, आणि 'जुन्या गाडीवर खर्च करायचा नाही' हा आमच्याच घरचा हुकूम होता.

नळीच्या बाजूचं तर आणखी वाईट. नळी निपलमध्ये एका छोट्या पितळी छल्ल्यावर दाबून बसते. नट आवळला की छल्ला नळीला मिठी मारतो. तो एकदाच मिठी मारतो. गळतंय म्हणून पुन्हा आवळा, पुन्हा आवळा, असं केलं की छल्ला चिरडतो आणि नळी चिंबते. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, लोकांना वाटतं कसल्यानं गळती थांबते. थांबते ती बसल्यानं." मी हे वाक्य घरी येऊन सांगितलं तेव्हा सासऱ्यांना ते फार आवडलं होतं. संवर म्हणजे काय, याचं असं सोपं उत्तर कुठल्या व्याख्यानात मिळालं नाही, म्हणाले. मी म्हटलं, बाबूजी, आस्रव पण सोपाच होता, पावडर टाकली की दिसला.

नवा निपल मिस्त्रींनी शेजारच्या लेथवर मापानं काढून घेतला. तोवर जुना तांब्याचा वायसर चिमट्यात धरून गॅसच्या जाळात लाल केला. तांबं हादऱ्यांनी आणि दाबानं कडक होतं. लाल होईपर्यंत तापवलं की परत मऊ पडतं. हंडा ठोकताना तांबट मधूनमधून तापवतो ते याचसाठी. ते वायसर पाण्याच्या डबड्यात टाकायला निघाले, तशा सासूबाई म्हणाल्या, पाण्यातच टाकायला हवा का? मिस्त्री थबकले. मग म्हणाले, नाही आजी, तांब्याला दोन्ही सारखंच, आपली घाईची सवय. वायसर विटेवर ठेवला, आपोआप गार झाला. पाण्यातले जीव वाचले आणि पाच मिनिटं गेली. मला सौदा महाग वाटला नाही.

पुढे त्यांनी शेलॅकची डबी उघडली, सांध्याला चोपडायला. शेलॅक म्हणजे लाख, किड्यांची. लाखेचा व्यापार तर कर्मादानांत नाव घेऊन सांगितलेला. मी विचारलं, याच्याशिवाय नाही का बसणार? मिस्त्री हसले. म्हणाले, आटे बरोबर, वायसर मऊ, तोंडं साफ, मग चोपडायचं कशाला? चोपडतो तो आपला अविश्वास. डबी बंद केली.

नळीचं चिंबलेलं टोक बारीक पात्यानं सरळ कापलं, कानशीनं घासलं, आतली कोर काढली, नवा छल्ला चढवला. नळी ब्लॉकपासून थेट ताणून न नेता तिला आधी दोन वेटोळी दिली. इंजिन हलतं, केबिन वेगळी हलते, तो हेलकावा वेटोळ्यांनी खावा. नाहीतर सगळा ताण छल्ल्याशी येतो आणि नळी तिथंच तुटते. पहिली नळी का तुटली असेल तेही यावरून कळलं. मग दोन पाने घेतले, एकानं निपल धरला, दुसऱ्यानं नट फिरवला, बोटांनी जाईल तितका आणि वर जेमतेम एक फेरा. पुन्हा पावडर. पुन्हा इंजिन. अर्धा तास चालवलं, पावडर पांढरीच्या पांढरी. चौविहाराची वेळ होत आली होती, सासूबाई सूर्याकडे बघत होत्या आणि मी निपलकडे.

या गावाला झिरपण्याचं वावडं नाही, हे परतताना रिक्षात मनात आलं. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ साली, इथं कुंडी भंडारा बांधला: सातपुड्यातून तापीकडे जमिनीखाली झिरपणारं पाणी बोगद्यांनी अडवून शहराला पाजलं. गळतीची वाट शोधून काढणारी माणसं इथं चारशे वर्षांपूर्वी होती. आमच्या घरात ती अक्कल यायला सहा लिटर तेल लागलं.

दिरांसमोर वही ठेवली. त्यांनी गुणाकार दोनदा तपासला. "मग ठीक आहे," म्हणाले. एवढंच. संवत्सरीला प्रतिक्रमण झाल्यावर ते घरोघर जाऊन खमतखामणा करून आले, आमच्या सगळ्या नात्यागोत्यात, जुन्या भांडणातल्या एका चुलतभावाकडेही. चाचांकडे गेले नाहीत. सहाशे चाळीस रुपये मात्र दुसऱ्या दिवशी माझ्या हातात दिले, "देऊन टाका." मी दिले, आणि मिच्छामि दुक्कडं म्हटलं, घरच्या वतीनं. चाचांनी पैसे मोजले, खिशात ठेवले. मग विचारलं, "बहूजी, तो जुना निपल कुठे आहे?"

माझ्याच पिशवीत होता, कागदात गुंडाळून. त्यांनी तो घेतला, तारेत ओवला आणि ऑईल मीटरच्या खाली लटकवला. म्हणाले, पुढे कधी कुणी मिस्त्री हात घालेल, तर त्याला दिसायला हवं की कुठला लावायचा नाही.

पुढच्या फेरीच्या रकान्यात ऑईल दोन लिटर. त्याच्या पुढच्या फेरीतही दोन. हिवाळ्यात एकदा दिरांना खंडव्याला जायचं होतं, बस चुकली म्हणून ते ट्रकमध्ये बसून गेले. वाटेत तो हलणारा पितळी तुकडा बघून त्यांनी चाचांना विचारलं, हे काय लटकवलंय? चाचांनी मला नंतर सांगितलं, आपण काय उत्तर दिलं ते.

"मीटरचाच पार्ट आहे, सेठजी."